कुशीवर झोपणाऱ्या जोडप्यानं लॅटेक्सची गादी कशी निवडावी

कुशीवर झोपणाऱ्या माणसाचं वजन मुख्यतः दोन जागी उतरतं: खांद्यावर आणि खुब्यावर. उताणं झोपलं की तेच वजन पाठ, कुल्ले, मांड्या, पोटऱ्या असं पसरतं, त्यामुळे गादी जरा कडक असली तरी निभावून जातं. कुशीवर ते निभत नाही. खालचा हात बधिर होतो, पहाटे मुंग्यांनी जाग येते, खुब्याचं हाड टोचत राहतं. मग माणूस कूस बदलतो आणि थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूचं तेच गाऱ्हाणं सुरू होतं. नवरा-बायको दोघंही कुशीवरच झोपणारे असतील तर एकाची तळमळ दुसऱ्याची झोप मोडते, आणि सकाळी दोघंही आंबलेल्या अंगानं उठतात.

ही सवय मोडायला हवी असं मुळीच नाही. दुपारी जेवल्यावर डाव्या कुशीवर लवंडायला आपण वामकुक्षी म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे. डाव्या कुशीवर असताना जठराचा मोठा भाग अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतो, त्यामुळे आम्ल वर येण्याचं प्रमाण कमी होतं. ज्यांना रात्री छातीत जळजळतं त्यांना डॉक्टर हेच सांगतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत कुशीवर झोपायचा सल्ला देतात. घोरणंही अनेकांचं कुशीवर कमी होतं. तेव्हा सवय तशीच राहू द्यावी आणि बदलायची ती गादी बदलावी.

सांगलीत गादी घ्यायला निघालेल्या जोडप्याला घरच्या मोठ्यांकडून ठरलेला सल्ला मिळतो: "कडकच घ्या, पाठ चांगली राहते." तो मायेनं दिलेला असतो आणि त्यांच्या अनुभवातून आलेला असतो, कारण त्यांनी कापसाची गादी दबून मधे झोळ पडलेली पाहिली आहे आणि त्या झोळात झोपून कंबर धरलेलीही पाहिली आहे. पण झोळ पडलेली गादी वाईट म्हणून फळीसारखी टणक गादी चांगली, असं होत नाही. 2003 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला. जुनाट कंबरदुखी असलेल्या 313 जणांना दोन गटांत वाटून एका गटाला कडक आणि दुसऱ्याला मध्यम-कडक गाद्या दिल्या होत्या. 90 दिवसांनी मध्यम-कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला दिसला. म्हणजे जिच्यासाठी 'कडक घ्या' म्हणतात त्या पाठीलाही फार कडक गादी मानवत नाही. खांद्यावर झोपणाऱ्याला तर ती आणखीच जाचते.

याचं कारण साधं आहे. दोन विटांवर लवचीक फळी ठेवली तर ती मधे खाली वाकते. टणक गादीवर कुशीवर झोपलं की खांदा आणि खुबा या त्या दोन विटा होतात, कंबर अधांतरी राहते आणि कणा मधे लवतो. रात्रभर कमरेचे स्नायू तो भार सांभाळत राहतात. उलट गादी फार मऊ असेल तर खुबा खोल रुततो, कारण अंगाचा जड भाग तिथेच आहे, आणि कणा दुसऱ्या तऱ्हेनं वाकतो. आपल्याला हवं ते या दोन्हींच्या मधलं: खांदा आणि खुबा आत जाण्याइतका मऊपणा वरच्या दोन-तीन इंचांत, आणि त्याखाली शरीर थोपवून धरणारा घट्ट थर. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ सरळ राहिली की गादी जमली. म्हणून दुकानदार "कडक दाखवू की मऊ?" असं विचारतो तेव्हा कुशीवर झोपणाऱ्यानं "वर मऊ, खाली कडक" असं सांगावं आणि कोणता थर किती जाडीचा आहे ते विचारत जावं.

लॅटेक्स, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकाचा पक्का केलेला फेस, या कामाला चांगलं बसतं. ते दाबाला लगेच वाट देतं, दाब वाढला तसा उलटा रेटाही वाढवतं आणि दाब काढला की ताबडतोब पूर्ववत होतं. मेमरी फोम अंगाच्या उबेनं हळूहळू मऊ होतो आणि हळूहळूच वर येतो. रात्रीतून अनेकदा कूस बदलणाऱ्याला त्यात खड्ड्यातून बाहेर पडल्यासारखं वाटतं. शिवाय तो थंडीत टणक होतो आणि उन्हाळ्यात अंगाची ऊब धरून ठेवतो. एप्रिल-मेमध्ये सांगली-मिरजेचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हा मुद्दा लहान राहत नाही. लॅटेक्समध्ये हवेची वाट मोकळी असते, त्यामुळे ते मेमरी फोमइतकं तापत नाही. तरी कापसाच्या गादीइतकं ते कोरडं आणि गार लागेल अशी अपेक्षा ठेवू नये.

लॅटेक्स म्हणजे नेमकं काय

रबराच्या झाडाची साल तिरकी कापली की पांढरा चीक ठिबकतो, तेच लॅटेक्स. भारतात याचं माहेर केरळ. रबर बोर्डाचं मुख्य कार्यालयही कोट्टायमलाच आहे. ताज्या चिकात साधारण एक तृतीयांश रबर असतं, बाकी बहुतेक पाणी. यंत्रात गरगर फिरवून त्यातलं पाणी कमी केलं की 60 टक्के रबराचा दाट चीक उरतो. तो फेटून त्याचा फेस करतात, गंधक वगैरे मिसळतात, साच्यात ओततात आणि वाफेच्या उष्णतेवर पक्का करतात. नंतर पाण्यानं धुऊन वाळवतात. ही डनलॉप पद्धत, 1929 च्या सुमारास ब्रिटनमध्ये बसवलेली. ओतलेला फेस पक्का होईपर्यंत जड कण थोडे तळाशी बसतात, त्यामुळे अशा थराची एक बाजू किंचित घट्ट असते.

दुसरी पद्धत तालाले नावाची. तिच्यात साचा अर्धवट भरतात, आतली हवा ओढून फेस सगळीकडे फुलवतात, तो गोठवतात आणि मग तापवून पक्का करतात. हा थर वरपासून खालपर्यंत एकसारखा आणि जास्त हलका, मऊ येतो. खांद्याखाली तो छान लागतो, पण काम खर्चिक आहे. आपल्याकडच्या दुकानांत दिसणारं लॅटेक्स बहुतेक डनलॉप पद्धतीचंच असतं, आणि योग्य थर निवडले तर त्यात कुशीवर झोपणाऱ्याची अडचण होत नाही. तेव्हा तालालेचा हट्ट धरायची गरज नाही. एक सावधगिरी मात्र घ्या. आपल्याकडे कुठल्याही फोमच्या गादीला सर्रास 'डनलॉपची' म्हणतात. त्या बोलण्यातल्या डनलॉपमध्ये लॅटेक्सचा अंशही नसू शकतो.

लॅटेक्सच्या तुकड्यावर सगळीकडे जी बारीक गोल भोकं दिसतात ती साच्यातल्या खिळ्यांची. उष्णता आतपर्यंत पोचावी म्हणून ते खिळे असतात. भोकं मोठी तेवढा तो भाग मऊ. याचाच उपयोग करून काही कंपन्या डोकं, खांदा, कंबर, खुबा असे वेगवेगळे पट्टे करतात आणि 'सेव्हन झोन' म्हणून विकतात. मला हा प्रकार जोडप्यांसाठी फारसा पटत नाही. साडेपाच फुटांच्या बायकोचा खांदा आणि सहा फुटांच्या नवऱ्याचा खांदा एकाच पट्ट्यावर कसा येणार? एकाचा पट्टा जुळला तर दुसऱ्याचा खुबा नको त्या जागी पडायचा. त्यापेक्षा साधा, सगळीकडे सारखा थर बरा.

डेन्सिटी, वजन आणि चेन

मऊ-कडक हे शब्द प्रत्येक दुकानात वेगळे. आकडा मात्र बोलतो. तो आकडा डेन्सिटीचा: एका घनमीटरला किती किलो. डनलॉप लॅटेक्समध्ये 65 ते 70 म्हणजे मऊ, 75 ते 80 मध्यम, 85 ते 90 आणि त्यापुढे कडक असा ढोबळ हिशेब धरता येतो. तालालेचे आकडे वेगळे असतात, ते यात मिसळू नका.

हा आकडा घरी ताडून पाहता येतो. 80 डेन्सिटीचं लॅटेक्स घनफुटाला सुमारे सव्वादोन किलो भरतं, 70 चं दोन किलो आणि 90 चं अडीच किलो. सहा बाय साडेसहा फुटांची सहा इंच जाडीची गादी म्हणजे साडेएकोणीस घनफूट. पूर्ण लॅटेक्सची आणि 80 डेन्सिटीची असेल तर ती 44 किलोच्या आसपास भरायला हवी. त्याच मापाची साध्या फोमची, 32 डेन्सिटीची गादी 18 किलोतच येते. सांगलीत काट्याला तोटा नाही. हळदीची, गुळाची पोती जिथे तोलली जातात तिथे ओळखीच्या आडत्याकडे गादी घडी करून पाच मिनिटं ठेवू द्यायला कोणी नाही म्हणत नाही. ट्रान्सपोर्टच्या पावतीवरही वजन लिहिलेलं असतं, ते वाचा.

वजन कमी भरलं तर गडबड नक्की. पण वजन बरोबर भरलं म्हणून माल खरा, असं मात्र नव्हे. रिबॉन्डेड फोम, म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून दाबून केलेला ठोकळा, वजनाला लॅटेक्सच्या तोडीस तोड असतो. चिकात खडूची भुकटी घालूनही वजन वाढवता येतं, आणि असं लॅटेक्स लवकर कोरडं पडून भुगा सोडतं. म्हणून गादीच्या कव्हरला चेन हवीच आणि पैसे मोजण्याआधी ती उघडून आत पाहायलाच हवं. रिबॉन्डेड ओळखायला डोळे पुरतात. रंगीबेरंगी चुरा एकत्र दाबलेला स्पष्ट दिसतो. लॅटेक्स एकसंध असतं, भोकांचं असतं, बोटानं खोल दाबून सोडलं की क्षणात वर येतं आणि त्याला रबराचा हलका वास असतो. हा वास काही दिवसांत जातो, त्याला घाबरायचं नाही. चेनच नसेल, चारही बाजूंनी शिवून टाकलेली गादी असेल आणि दुकानदार आतला नमुना दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर मी ती गादी घेऊ नका असंच सांगेन.

यातला सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. 'लॅटेक्स मॅट्रेस' असं ठळक छापलेल्या कितीतरी गाद्यांत लॅटेक्स वरचा एक इंचच असतं, खाली चार-पाच इंच रिबॉन्डेड. हातानं दाबलं की वरचा इंच गोड लागतो. कुशीवर झोपलं की खांदा तो इंच ओलांडून खालच्या टणक ठोकळ्यावर टेकतो, आणि रात्री पुन्हा त्याच मुंग्या. उताणं झोपणाऱ्याला अशी गादी चालेल, स्वस्तही पडेल. कुशीवर झोपणाऱ्याला वरचा मऊ थर किमान दोन इंच हवा, अंगानं भारी असेल तर तीन. खालच्या थरात पैसे वाचवायचेच असतील तर चांगल्या एचआर फोमवर (हाय रेझिलियन्स, म्हणजे जास्त उसळी असलेला फोम) तडजोड करता येते, रिबॉन्डेडवर नको.

'शंभर टक्के नॅचरल' या शब्दांचा अर्थही समजून घ्या. चीक पक्का करायला गंधक, झिंक ऑक्साइड, साबण असे पदार्थ लागतातच, त्यामुळे अक्षरशः शंभर टक्के कधीच नसतं. विचारायचं ते एवढंच: यातलं रबर झाडाचं आहे की कारखान्यात तयार केलेलं कृत्रिम रबर मिसळलं आहे? मिसळलेली गादी लगेच वाईट ठरत नाही, पण तिची किंमत झाडाच्या रबराची लावलेली नसावी. गॉल्स या प्रमाणपत्रासाठी 95 टक्क्यांहून जास्त कच्चा माल सेंद्रिय लागतो. ओएको-टेक्स हे प्रमाणपत्र घातक रसायनांची तपासणी झाल्याचं सांगतं, माल सेंद्रिय असल्याचं सांगत नाही. दुकानदार प्रमाणपत्र दाखवत असेल तर त्यावरचं कंपनीचं नाव आणि मुदत वाचा, आणि त्या संस्थेच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघा. ज्यांना रबराच्या हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी अंगावर पित्त उठतं त्यांनी लॅटेक्सच्या वाटेला जाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. दवाखान्यांसाठी नावाजलेलं मिरज जवळच आहे.

दोघं, दोन वजनं

माझी मावसबहीण आणि मेहुणे विश्रामबागेत राहतात. मेहुण्यांचं वजन 84 किलो, खांदे रुंद. ताईचं वजन 56. दोघंही पक्के कुशीवर झोपणारे. त्यांच्यासोबत मी गादी बघायला गेले तेव्हा पहिल्या दुकानात जे झालं ते सगळीकडेच होतं. मेहुण्यांनी उभ्या उभ्या तळव्यानं गादी दाबली, "चांगली आहे" म्हणाले आणि भाव विचारला. तळव्यानं दाबून पडतो तो जोर फार थोडा. खांद्यावर पडतो तो त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे हाताला मऊ लागलेली गादी खांद्याला कडक निघू शकते. मी त्यांना चपला काढून कुशीवर झोपायला सांगितलं. ते संकोचले, गिऱ्हाइकं बघत होती. शेवटी ताईच म्हणाली, "अहो, पडा ना सरळ, एवढे पैसे घालायचेत तर लाजताय काय?"

ते पडले. दहा मिनिटं तसेच पडून राहायचं असं ठरलं होतं, कारण पहिल्या मिनिटाला कुठलीही नवी गादी बरीच वाटते. ताईनं मागून मोबाइलवर फोटो काढला. शर्टाची मधली शिवण मानेपासून कमरेपर्यंत सरळ आहे का, एवढंच त्यात पाहायचं. मग तिनं त्यांच्या कमरेखालच्या पोकळीत हात सरकवला. हात अगदी सहज आरपार गेला, म्हणजे तिथे आधार नव्हता, गादी त्यांना कडक होती. हात अजिबात शिरला नसता तर ती फार मऊ ठरली असती. थोडा अडत, घासत आत जाईल तो नेमका. त्याच गादीवर ताई झोपली तेव्हा तिच्यासाठी परिस्थिती आणखी वाईट निघाली. ती हलकी असल्यानं तिचा खुबा वरच्या थरात उतरलाच नाही, नुसता तरंगत राहिला.

यात जोडप्याच्या निवडीचं मर्म आहे. एकच गादी दोन वजनांना दोन वेगळ्या गाद्या म्हणून लागते. 70 डेन्सिटीचा थर 56 किलोच्या माणसाला छान लागतो, पण 84 किलोच्या माणसाचा खुबा त्यातून सरळ खाली उतरतो. माझा अंदाजी हिशेब असा: साठ किलोच्या आतल्या माणसाला वर दोन इंच 65 ते 70 चं आणि खाली 75 ते 80 चं. साठ ते ऐंशीमधल्याला वर 70 च्या आसपास, खाली 80 ते 85. ऐंशीच्या वरच्याला वर तीन इंच 75 चं, खाली 85 ते 90. हा हिशेब सुरुवातीपुरता. शेवटचा शब्द दहा मिनिटांच्या झोपेचा आणि त्या फोटोचा. बांध्यानंही फरक पडतो. रुंद खांद्याच्या माणसाला वरचा थर जाड लागतो, रुंद खुब्याच्या बाईला खालचा आधार जास्त पक्का लागतो.

दोघांच्या वजनात पंधरा-वीस किलोंपेक्षा जास्त फरक असेल तर माझं मत स्पष्ट आहे: तीन बाय साडेसहाच्या दोन गाद्या घ्याव्यात, आपापल्या थरांच्या, आणि एकाच पलंगावर शेजारी ठेवून वर एकच सहा बाय साडेसहाची चादर घालावी. ताई-मेहुण्यांनी तेच केलं. मेहुण्यांच्या बाजूला तीन इंच मध्यम आणि खाली चार इंच कडक, ताईच्या बाजूला दोन इंच मऊ आणि खाली पाच इंच मध्यम. दोन्हींची एकूण जाडी सात इंचच, नाहीतर मधे पायरी झाली असती. एक उठला तर दुसऱ्याला हलल्याचं कळतही नाही. मधली फट मात्र असते. जी जोडपी रात्रभर मधोमध, एकमेकांना बिलगून झोपतात त्यांना ती जाणवेल. त्यांनी खालचे थर दोन वेगळे घ्यावेत आणि वरचा दोन-तीन इंचांचा थर एकसंध घ्यावा. मऊपणा मग दोघांना सारखाच मिळतो, आधार ज्याला जसा हवा तसा.

वजनं जवळपास सारखी असतील तर एकच गादी पुरते. तेव्हा रुंदीकडे लक्ष द्या. पाच फुटांच्या गादीत प्रत्येकाच्या वाट्याला अडीच फूट येतात. उताणं झोपणाऱ्याला ते पुरतील, पण कुशीवरचा माणूस गुडघे पोटाशी घेतो, हात पुढे टाकतो. खोलीत जागा असेल तर सहा फुटांचाच पलंग करा. ऑर्डर देण्याआधी पलंगाच्या आतल्या बाजूचं माप टेपनं स्वतः घ्या, कारण सव्वासहा आणि साडेसहा लांबीचे दोन्ही पलंग आपल्याकडे सर्रास असतात आणि लॅटेक्स दाबून कोंबलं की कडेला कायमचा फुगवटा येतो.

पलंग, ऊन आणि गोधडी

नवी लॅटेक्स गादी बिघडते ती बहुतेक वेळा घरात, आणि तेही आपल्या चांगल्या सवयींमुळे.

नवरात्राआधी आपल्याकडे घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण बाहेर निघतं. कृष्णेच्या घाटावर गोधड्यांचा ढीग पडतो आणि गाद्या गच्चीवर उन्हात जातात. कापसाच्या गादीला ते हवंच, उन्हानं कापूस फुलतो. लॅटेक्सला ऊन दाखवायचंच नाही. उन्हातले अतिनील किरण रबराचे बंध तोडतात. पृष्ठभाग पिवळट, कोरडा होतो आणि पुढे बोटानं घासला तरी भुगा निघतो. घरातल्या मोठ्या बाईनं प्रेमानं गादी गच्चीवर नेऊन टाकण्याआधी हे तिला सांगून ठेवा. हवा द्यायची असेल तर कव्हर काढून, पंख्याखाली, सावलीत, भिंतीला टेकवून अर्धा दिवस उभी करा. कव्हर धुवा, आतलं लॅटेक्स धुऊ नका. ते पाणी धरून ठेवतं आणि आठवडा गेला तरी आतून सुकत नाही. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचा त्रास असेल तर चादरी, अभ्रे 60 अंशांच्या गरम पाण्यात धुतलेले चांगले. 'किडे होतच नाहीत' या जाहिरातीवर विसंबू नका. ते किडे आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि तो चादरीत साठतोच.

आपल्या घरांतला बॉक्सचा पलंग ही दुसरी अडचण. वर प्लायवूडचं झाकण, खाली पांघरुणं आणि लग्नातली भांडी ठासून भरलेली, हवेला वाटच नाही. अंगाचा दमटपणा गादीतून खाली उतरतो आणि प्लायवर अडतो. पावसाळ्याचे दोन महिने असे गेले की गादीच्या खालच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके दिसतात. सुताराला बोलावून त्या झाकणाला वीतभर अंतरावर इंचभर व्यासाची भोकं पाडून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. नवा पलंग करत असाल तर पट्ट्यांचा करा, पण दोन पट्ट्यांत अडीच-तीन इंचांपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर लॅटेक्स फटीत उतरतं आणि वॉरंटीही त्याच कारणानं नाकारली जाते. सहा फुटांच्या पलंगाला मधोमध आधाराचा पाय हवाच. लॅटेक्स स्वतःच जड, त्यावर तुम्ही दोघं.

आणि गोधडी. आईनं, आजीनं शिवलेली गोधडी नव्या गादीवर अंथरायचा मोह मी समजू शकते. पण घट्ट टाक्यांची जाड गोधडी ताणलेल्या कापडासारखी वागते, खांद्याला खाली जाऊच देत नाही, आणि वरच्या मऊ थराचे पैसे वाया जातात. जाड रबरी मेणकापड घातलं तर तेच, वर घामही. गोधडी पांघरायला घ्या. खाली पातळ, ताण घेणारं सुती आच्छादन पुरे. घरात लहान मूल असेल तर विणलेल्या कापडाचं पातळ वॉटरप्रूफ कव्हर मिळतं, ते घाला.

गावभागात, सांगलवाडीत किंवा नदीकाठच्या कुठल्याही भागात तळमजल्यावर राहणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. 2019 आणि 2021 च्या पुरात लोकांनी सामान जिन्यानं वर कसं चढवलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. 44 किलोची लवचीक, हातातून निसटणारी गादी अरुंद जिन्यातून चढवायला दोन धडधाकट माणसंही दमतात. तीच गादी दोन भागांत असेल तर एकेक भाग 22 किलोचा, वेळ पडली तर एकट्यानंही वर नेता येतो. पुराच्या पाण्यात भिजलेलं लॅटेक्स पुन्हा वापरण्यासारखं राहत नाही.

उशीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. कुशीवर झोपल्यावर मान आणि गादी यांच्यातलं अंतर उशीनं भरून काढायचं असतं. जुन्या टणक गादीवर खांदा वरच राहायचा म्हणून उशी उंच लागायची. नव्या गादीत खांदा इंच-दीड इंच खाली गेला की तीच उशी उंच पडते, मान वर ढकलली जाते, आणि लोक म्हणतात नवी गादी मानेला बाधली. म्हणून दुकानात जातानाच आपापली उशी काखेत मारून न्या. रुंद खांद्याच्या माणसाला साधारण चार-पाच इंचांची, अरुंद खांद्याला त्याहून कमी. दोन गुडघ्यांच्या मधे एक पातळ उशी घेतली की वरचा पाय खुब्याला पुढे ओढत नाही. कंबर दुखणाऱ्यांनी हे आज रात्री, आहे त्या गादीवरही करून पाहावं.

घेताना बिलावर प्रत्येक थराचं नाव, जाडी आणि डेन्सिटी लिहून घ्या. नुसतं 'लॅटेक्स मॅट्रेस' लिहिलेलं बिल पुढे भांडायला उपयोगी पडत नाही. वॉरंटीत किती खोल खड्डा पडला तर गादी बदलून मिळेल ते आकड्यात विचारा, परत घ्यायची मुदत किती आणि परत नेण्याचा खर्च कोणाचा तेही. नव्या गादीची अंगाला सवय व्हायला दोन-तीन आठवडे जातात, तेवढा धीर धरा. त्यानंतरही खांदा दुखत असेल तर चेन उघडून आधी वरचा थर उलटा करून चार रात्री झोपून पाहा. डनलॉपच्या थराची घट्ट बाजू वर आली असेल तर ती खाली जाऊन फरक पडतो. तरी जमलं नाही तर वरचा एकच थर बदलून मागा, आणि ते परत घ्यायची मुदत संपायच्या आत.